कायम नसलेल्या कामगारांची युनियन: मागची गोष्ट

गिग वर्कर, प्लॅटफॉर्म वर्कर (म्हणजे नोकरीवर नसलेले, अ‍ॅपवरून एकेक काम घेणारे डिलिव्हरीवाले, टॅक्सीवाले वगैरे) हे शब्द ऐकले की लोकांना वाटतं ही काहीतरी नवीनच भानगड आहे आणि युनियन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो कारखान्याचा गेट, भोंगा, पगारपत्रक, लाल झेंडा. पण जरा मागे जाऊन बघितलं तर दिसतं की कायम नोकरी, ठरलेला पगार, पीएफ ही खरं तर मधल्या काही दशकांची आणि तीही थोड्याच लोकांच्या नशिबातली गोष्ट होती, बाकी बहुतेक कामगार रोज सकाळी काम मिळेल का ते बघायला जाणारेच. आणि युनियनचा इतिहास तिथूनही सुरू होतो, ते आपण विसरतो.

लंडनची गोदी घ्या. 1889 साली तिथे हजारो माणसं सकाळी गेटसमोर गर्दी करायची, फोरमन बोट दाखवेल त्याला काम, ते पण कधी कधी एकदोन तासांचंच. पुढारी मंडळी तेव्हा म्हणायची की असल्या लोकांची युनियन होऊच शकत नाही, आज इथे उद्या तिथे, हातात कसब नाही, वर्गणी कुठून देणार. ऑगस्टमध्ये संप झाला, बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स हे पुढे होते, महिनाभर गोदी बंद. मागणी तासाला सहा पेन्सची होती हे सगळे सांगतात, पण मला दुसरी मागणी जास्त महत्त्वाची वाटते: एकदा बोलावलं की निदान चार तासांचं काम द्यायचं. म्हणजे भांडण नुसत्या रेटचं नव्हतं, बोलावण्याच्या पद्धतीचं होतं. पैसे संपत आले तेव्हा ऑस्ट्रेलियातून 30,000 पौंडांच्या वर मदत आली आणि संप टिकला.

पण रेट वाढला तरी गेटवरची गर्दी काही गेली नाही, फोरमनचं बोट तसंच राहिलं. त्याचं उत्तर पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत सापडलं. 1934 मध्ये तिथे 83 दिवसांचा संप झाला, 5 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली, मग शहरभर चार दिवसांचा सार्वत्रिक संप. गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस हे नाव तेव्हापासूनचं. शेवटी लवादानं जे दिलं त्यातली खरी कमाई म्हणजे हायरिंग हॉल, कोणाला कामावर पाठवायचं ते ठरवणारा माणूस युनियन निवडणार. आणि त्यांनी नियम केला तोही किती साधा, ज्याचे आत्तापर्यंत सगळ्यात कमी तास भरलेत त्याचा नंबर पहिला. काम होतं तेवढंच, रोजंदारीही तशीच, फक्त वाटप फोरमनच्या मर्जीवरून तासांच्या वहीवर आलं आणि दारू पाजून, पैसे चारून काम मिळवायचा धंदा बसला.

हे असं आपल्याकडे पण होतं. मुंबईच्या गिरण्यांना आपण ‘संघटित क्षेत्र’ म्हणतो खरं पण गिरणीच्या गेटवर रोज बदली कामगार उभे असायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर म्हणजे यंत्रावर यांची भरती, आणि ती करणार जॉबर म्हणजे मुकादम. गाववाला, नात्यातला, पैसे देणारा आधी. 1935 मध्ये मिलमालकांच्या संघटनेनं बदली कार्डांची पद्धत आणली, म्हणजे कार्डवाल्याला काम आधी, मुकादमाची पकड थोडी ढिली झाली, पण बदली हा प्रकार राहिलाच आणि जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा पगाराच्या जोडीला बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होतीच. त्या संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, त्यात इथे शिरत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते माथाडीचं प्रकरण, आणि त्याबद्दल बोललं जातं फारच कमी. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणारा माणूस, त्याचा मालक कोण? ट्रकवाला म्हणतो माल माझा नाही, व्यापारी म्हणतो हमाल माझा नाही, टोळी मुकादमाची, मुकादम म्हणतो मी पण मजूरच. एका दिवसात पाच दुकानांचा माल उतरवला तर पाच मालक झाले की एकही नाही? कारखान्यासाठी केलेला कायदा इथे चालतच नाही. पुण्यात बाबा आढावांनी 1955 मध्ये हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि या सगळ्या रेट्यातून 1969 चा माथाडी कायदा आला.

त्या कायद्याची गंमत अशी की मालक कोण हा वाद त्यानं सोडवायचा प्रयत्नच केला नाही, त्याला बगल दिली. त्या त्या धंद्यासाठी बोर्ड, म्हणजे किराणा, लोखंड, कापड, भाजीपाला असे वेगवेगळे, बोर्डावर सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. कामगाराचीही नोंदणी आणि काम देणाऱ्याचीही. व्यापाऱ्यानं मजुरी बोर्डात भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरायची, त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, दवाखाना. कामगार आज या गाळ्यावर उद्या त्या गाळ्यावर गेला तरी त्याचं खातं एकच. (हे गोदीतूनच आलेलं आहे, 1948 च्या गोदी कामगार कायद्यात अशी बोर्डाची कल्पना आधी होती.) पुढे 1981 मध्ये खाजगी सिक्युरिटी गार्डसाठी महाराष्ट्रात याच धर्तीवर कायदा झाला. म्हणजे युनियननं ताबा मिळवला तो कामावर नाही, पैसा ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर. त्यातून ‘बोगस माथाडी’ आणि खंडणीच्या तक्रारी पण झाल्या, ते खोटं नाही, पण त्या तक्रारी पुढे करून कायदाच नको म्हणणारे आधीपासून लेव्ही चुकवणारेच असतात हा माझा तर्क आहे, पटला नाही तर सोडून द्या.

अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेचा किस्सा पण याच जातीचा. तिच्या संस्थापक इला भट मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनच्या महिला विभागात होत्या, कापड बाजारात गठ्ठे वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या, मग फेरीवाल्या आणि घरी बसून काम करणाऱ्या बायाही आल्या. युनियनची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारचं म्हणणं, मालकच नाही तर तुम्ही भांडणार कोणाशी, युनियन कसली? यांचं म्हणणं, युनियन ही मालकाच्या विरोधात असण्याआधी कामगारांच्या एकीसाठी असते. एप्रिल 1972 मध्ये नोंदणी झाली. 1974 मध्ये त्यांनी बँक काढली, कारण त्या बायांचा खरा मालक बऱ्याचदा सावकारच होता. 1996 मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार झाला त्यामागे अशा बायांच्या संघटनांचा मोठा वाटा आहे.

मग आला कॉन्ट्रॅक्टचा जमाना. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये ऑफिसच्या इमारती झाडणारे लोक इमारतीच्या पगारावर राहिले नाहीत, ठेकेदाराकडे गेले, मजुरी पडली. एका ठेकेदाराशी भांडून रेट वाढवला की इमारतवाला त्याला काढून दुसरा स्वस्त ठेकेदार आणायचा, म्हणजे संप जिंकून नोकरी घालवायची. तेव्हा त्यांच्या युनियननं डोकं चालवलं, ठेकेदाराला सोडलं आणि इमारतीच्या मालकांना भाडेकरूंसमोर, रस्त्यावर, पेपरात गाठलं, आणि शहरातल्या सगळ्या ठेकेदारांना एकाच वेळी करारात आणायचं ठरवलं. 15 जून 1990 ला पोलिसांनी मोर्चावर लाठ्या चालवल्या, टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं आणि थोड्याच दिवसांत करार झाला. कामगार बहुतेक बाहेरच्या देशातून आलेले, पुष्कळांकडे कागद नाहीत. पुन्हा तेच, ‘यांची युनियन होत नाही’ असे लोक.

एक मात्र खरं की या प्रत्येक उपायात कोणीतरी बाहेर राहिलं. वही आली की वहीत नाव नसलेला पण आला. सॅन फ्रान्सिस्कोत कंटेनर आले तेव्हा 1960 च्या करारानं यंत्रं मान्य केली, बदल्यात नोंदणीवाल्यांच्या कामाची हमी घेतली, बाकीच्यांचं काय ते त्यांनी बघावं. युनियनवाल्यांना हे बोललेलं आवडत नाही पण बोलायला पाहिजे.

आता अ‍ॅप. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनमध्ये जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडर्सना कंपनी तासाच्या पैशांवरून फक्त ऑर्डरच्या पैशांवर आणायला निघाली, तेव्हा ते संपावर गेले. कोणी बांधली होती ही माणसं? बरीचशी त्यांची तीच बांधली गेली होती, ऑर्डरची वाट बघत एकाच ठिकाणी थांबायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायची. म्हणजे गोदीचं गेट परत आलं, फक्त फोरमन दिसत नाही. आयडी ब्लॉक झाला तर विचारायचं कोणाला, हा प्रश्न पण तोच.

कोर्टात मात्र सरळ काही होत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं उबरच्या ड्रायव्हरना कामगार मानलं, नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच कोर्टानं डिलिव्हरूच्या रायडर्सना मानलं नाही, कारण करारात लिहिलं होतं की रायडर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो. एका कलमावर सामूहिक वाटाघाटीचा हक्क गेला. कॅलिफोर्नियात 2019 चा कायदा ड्रायव्हरच्या बाजूनं झाला, 2020 मध्ये कंपन्यांनी पाण्यासारखा पैसा ओतून सार्वमतात त्यातून स्वतःला बाहेर काढून घेतलं.

आपल्याकडे राजस्थाननं 2023 मध्ये जो गिग कामगारांचा कायदा केला त्यात मालक कोण यावर खल नाहीच, तिथेही बोर्ड, तिथेही नोंदणी, आणि प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून कल्याण शुल्क. म्हणजे माथाडीची लेव्ही मोबाइलमध्ये शिरली. फरक एकच, पण मोठा. माथाडीत टोळीत कोण आहे ते टोळीला माहीत होतं, युनियन ते सांगू शकत होती. इथे कामगारांची यादी कंपनीनं बोर्डाला द्यायची आहे.