काकूंच्या हातावरचे निळे डाग आणि मशरूमची कॉफी

आमचं मेडिकल इंदूरला लोकमान्य नगरकडे जाताना लागतं, त्यामुळे गिऱ्हाईकं निम्मी मराठी आणि निम्मी "भिया, एक पत्ता देना" वाली. मागच्या दिवाळीनंतर ओळखीच्या एक काकू शुगरच्या स्ट्रिप घ्यायला आल्या आणि बिल होईपर्यंत स्वेटरची बाही वर करून म्हणाल्या, "अगं हे बघ, कुठे आपटलं पण नाही आणि निळं पडलंय." दोन्ही हातांना कोपराच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढे तीन-चार डाग. काकूंना स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, त्यामुळे थोडंफार काळं-निळं व्हायचंच, पण एवढं कधी नव्हतं. नवीन काही सुरू केलंय का विचारलं तर "छे गं, काही नाही." पायरी उतरता उतरता आठवलं त्यांना, "हां, ती कॉफी घेते सकाळी, बंगलोरहून भाच्याने पाठवलीय, मशरूमची, इम्युनिटीसाठी. पण ती काय औषध थोडीच आहे."

डबा मागवून बघितला. कॉफीत रेशी, चागा आणि कॉर्डिसेप्स. रेशीबद्दल प्रयोगशाळेत दिसलेलं आहे की त्यातली काही द्रव्यं रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि काकूंच्या दोन्ही गोळ्यांचं कामही नेमकं तेच. म्हणजे एकाच दाराला तिसरी कडी. मी काही ठरवलं नाही, डॉक्टरांना डबा दाखवा म्हटलं, त्यांनी कॉफी बंद केली, गोळ्या तशाच ठेवल्या, आणि तीनेक आठवड्यांत डाग कमी झाले. आता एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, थंडीत म्हातारी कातडी तशीही नाजूक होते, पण तेव्हापासून मी काउंटरवर एक प्रश्न वाढवलाय: गोळ्यांशिवाय काय काय घेता?

कारण या मशरूमच्या डब्यांची मागणी कोविडनंतर जी वाढलीय ती वाढलीच आहे. आधी काढा, मग गिलोय म्हणजे गुळवेल, आता हे. गिलोयचं आठवतंय ना, 2020 च्या शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले, सगळे गिलोय घेणारे, आणि मग आयुष मंत्रालय विरुद्ध डॉक्टर असा वादही झाला. तेव्हा पण लोकांचं म्हणणं हेच होतं, औषध थोडीच आहे, वेल आहे अंगणातली.

तर ही मशरूम म्हणजे आपल्या पनीर-मशरूमवाली पांढरी बटनं नाहीत. रेशी हे झाडाच्या बुंध्यावर उगवणारं, लाकडासारखं कडक, वरून वार्निश मारल्यासारखं चमकणारं भूछत्र, चीनमध्ये त्याला लिंगझी म्हणतात. टर्की टेल पातळ, पंख्यासारखं, रंगीत पट्ट्यांचं. चागा थंड देशात बर्च झाडावर वाढतो, बघायला जळक्या कोळशासारखा. शिताके तर जपान-चीनमध्ये भाजीच आहे. आणि कॉर्डिसेप्स म्हणजे आपल्या उत्तराखंडात धारचुला-मुनस्यारीकडे बर्फ वितळल्यावर लोक डोंगरावर रांगत रांगत शोधतात ती कीडाजडी. जमिनीतल्या अळीला ही बुरशी लागते, अळी मरते, आणि तिच्या डोक्यातून काडीसारखं भूछत्र वर येतं. ऐकून कसंतरीच होतं, पण सोन्यासारखी विकली जाते. 1993 मध्ये चीनच्या धावपटू मुलींनी एकामागून एक रेकॉर्ड मोडले तेव्हा त्यांच्या कोचने याच बुरशीचं आणि कासवाच्या रक्ताचं नाव सांगितलं होतं, आणि 2000 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच कोचच्या बहुतेक मुली रक्ततपासणीनंतर टीममधून गळल्या. म्हणजे काय समजायचं ते समजा. आपल्याकडे कॅप्सूलमध्ये जी येते ती मात्र डोंगरावरची नाही, तिची बहीण आहे, कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, बरणीत तांदळावर वाढवलेली.

आता इम्युनिटीशी यांचा संबंध आहे की नुसती जाहिरात? संबंध आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. मशरूमच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखळी असते, ग्लुकोजचेच मणी ओवलेले. तांदूळ-बटाट्यातला स्टार्च पण ग्लुकोजचीच माळ, पण दोन मण्यांमधली गाठ वेगळी. तेवढ्या गाठीने सगळं बदलतं. स्टार्च आपण पचवतो, बीटा-ग्लुकन आपल्याला पचत नाही आणि ते आपल्या शरीरात कुठे बनतही नाही. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींसाठी ही माळ म्हणजे "घरात बुरशी घुसली" अशी खूण. पेशींवर ती ओळखणारं एक कुलूप असतं, डेक्टिन-1 नावाचं, ते बीटा-ग्लुकनची किल्ली घेतं हे 2001 मध्ये सापडलं. किल्ली लागली की पेशी जाग्या होतात, बाकीच्यांना निरोप जातात, धावपळ सुरू. म्हणजे ज्याला डब्यावर "इम्युनिटी बूस्ट" लिहितात ते खरं बघितलं तर शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. 2021 च्या मे महिन्यात आपल्या एमवाय हॉस्पिटलमध्ये ब्लॅक फंगसचे वॉर्ड भरले होते, तेव्हा आपण सगळे फंगसच्या नावाने थरथरत होतो. ती बुरशी वेगळी, भयंकर, पण शरीर बुरशीला मित्र समजत नाही एवढं लक्षात ठेवा.

जपानने हे मनावर घेतलं. टर्की टेलपासून काढलेलं क्रेस्टिन तिथे 1977 मध्ये कॅन्सरच्या उपचारात केमोच्या जोडीला मंजूर झालं, आणि शिताकेतलं लेंटिनान 1985 मध्ये पोटाच्या कॅन्सरसाठी. पण लेंटिनान इंजेक्शनने देतात, नसेतून, दवाखान्यात. आपला विक्रेता तोच हवाला देऊन कॅप्सूल विकतो. नसेत सोडलेलं आणि गिळलेलं एकच कसं होईल, बरंचसं तर आतड्यातल्या जिवाणूंच्याच पानात पडतं. रेशीचे कॅन्सरवरचे चांगले अभ्यास 2016 मध्ये कोक्रेनवाल्यांनी (औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) गोळा केले, तर पाच मिळाले, सगळे मिळून 373 माणसं. निष्कर्ष असा की मुख्य उपचार म्हणून वापरायला पुरावा पुरेसा नाही, केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला दिलं तर फायदा दिसू शकतो, आणि या अभ्यासांचा दर्जा बेताचा आहे.

निरोगी माणसाचं काय? फ्लोरिडा विद्यापीठात 52 तरुण निरोगी लोकांना चार आठवडे रोज 5 किंवा 10 ग्रॅम सुकं शिताके खायला दिलं, 2015 चा अभ्यास. रक्तात काही पांढऱ्या पेशींची वाढ सुधारली, लाळेतली एक अँटीबॉडी वाढली, सूज दाखवणारा सीआरपी कमी झाला. चांगलं आहे. पण तो अभ्यास रक्ताचा आणि लाळेचा, कोणाला किती सर्दी झाली हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणि बघा, त्यांनी कॅप्सूल नाही दिली, भाजी दिली!

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच लोकांची. मागे एक मुलगा आला, "दीदी, पापा के लिए वो इम्युनिटी वाला मशरूम है क्या?" वडील काय घेतात विचारलं तर त्याला नावं आठवेनात, घरून गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो मागवला. टॅक्रोलिमस. वडिलांची किडनी बदललेली. म्हणजे दुसऱ्याची किडनी शरीराने परकी म्हणून मारू नये यासाठी इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलेली, महिन्याला हजारो रुपये खर्चून, आणि मुलगा प्रेमाने ती वर काढायला निघालेला. त्याला समजावलं तर तो म्हणतो, "लेकिन ये तो नेचुरल है ना." मग मी त्याला सायक्लोस्पोरिनची गोष्ट सांगितली. किडनी-लिव्हर बदलणं ज्या औषधामुळे खऱ्या अर्थाने शक्य झालं ते सायक्लोस्पोरिन, अमेरिकेत 1983 मध्ये मंजूर झालेलं, ते नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून आलंय, आणि पुढे कळलं की ती बुरशी कॉर्डिसेप्सच्याच घराण्यातली! भुंग्यांच्या अळ्यांवर जगणारी. एका घरातली एक बहीण इम्युनिटी वाढवते म्हणून विकायची आणि दुसरी दाबते म्हणून ऑपरेशनला वापरायची. तेव्हा "मशरूम म्हणजे इम्युनिटी वर" असं सरळ गणित मांडणाऱ्याला विचारा, कोणती बुरशी, कोणतं द्रव्य, किती.

संधिवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचा हाशिमोटो, यात तर इम्युनिटी कमी नसते, ती स्वतःच्याच घरात दगड मारत सुटलेली असते. ती दाबायला मेथोट्रेक्सेट खाणारी बाई वरून इम्युनिटी बूस्टर घेते तेव्हा मला रागही येतो आणि कीवही, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

त्रासांचं थोडक्यात सांगते, कारण बरेचसे साधे आहेत. रेशीने तोंड कोरडं पडणं, पोट बिघडणं, मळमळ, खाज, हे होतं आणि बंद केलं की जातं. काकूंसारखं रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर, किंवा ऑपरेशन, दाढ काढणं ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. रेशी आणि कॉर्डिसेप्सने साखर थोडी खाली जाऊ शकते, इन्सुलिनवाल्यांनी सांभाळून. रेशीची पावडर घेणाऱ्यांना लिव्हरला गंभीर सूज आल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून आहेत, थायलंडचा पेशंट वाचला नाही. असे प्रकार मोजकेच, पण डोळे-लघवी पिवळी दिसली तर डबा बाजूला ठेवून आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायची.

चागाचं मात्र नीट वाचा. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, तेच ज्याचे मुतखडे होतात. जपानमध्ये 72 वर्षांच्या एका बाईंनी रोज चार-पाच चमचे चागा पावडर सहा महिने घेतली, किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक जमले, डायलिसिसवर जावं लागलं. 2014 ची नोंद आहे. आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणारी, आधीच खडा होऊन गेलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांनी चागा कशाला घ्यायचा मला कळत नाही. मला तर वाटतं कोणीच घेऊ नये, पण ते माझं मत झालं.

आणि डब्यात खरंच काय आहे? दुकानात फावल्या वेळात एक उद्योग केला. सॅम्पल म्हणून आलेली एक कॅप्सूल बशीत फोडली. रंगाने पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यासारखी पावडर, जिभेला लावली तर गोडसर पिठूळ. इथेच शंका आली, रेशी कडू असतं, चांगलं कडू, त्यातल्या ट्रायटर्पीन नावाच्या द्रव्यांमुळे. मग चमचाभर पाण्यात कालवून जखमेला लावायच्या आयोडीनचे दोन थेंब टाकले. बटाट्यावर टाकल्यावर होतं तसं काळं-निळं! म्हणजे स्टार्च, म्हणजे धान्य. भूछत्र वाढवायचं तर महिने लागतात, खर्च होतो, म्हणून काही जण धान्यावर बुरशीचे धागे पसरले की धान्यासकट दळून भरतात. फसवणूक म्हणा नाहीतर काटकसर. अमेरिकेत 2017 मध्ये रेशीची 19 उत्पादनं तपासली तर लेबलप्रमाणे रेशी निघालं फक्त 5 मध्ये. डब्यावर "पॉलिसॅकराइड 40 टक्के" लिहिलं असेल तरी भुलू नका, स्टार्च पण पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकन किती, भूछत्र की धागे, आणि गरम पाण्याने काढलेला अर्क आहे का, एवढं बघायचं, कारण मशरूमच्या भिंतीतलं कायटिन (झुरळाच्या पाठीत असतं तेच) आपल्या पोटाला नीट फोडता येत नाही. शिसं-कॅडमियमची तपासणी झाली असेल तर उत्तम, बुरशी जमिनीतले जड धातू स्पंजसारखी ओढते. आणि आपल्याकडे हे डबे एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फूड लायसन्सवर येतात, औषध म्हणून नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असतं. काकूंचं "औषध थोडीच आहे" हे म्हणणं कायद्याने बरोबरच होतं म्हणा!

खायचंच असेल तर खा की मशरूम, भाजी म्हणून. शिताके मिळाले तर पूर्ण शिजवून, कच्चे-अर्धे राहिले तर काहींच्या पाठीवर चाबकाचे वळ ओढल्यासारखे लाल पट्टे उठतात, जपानमध्ये 1977 मध्येच डॉक्टरांनी याची नोंद केली आहे. याचं कारण मानतात तेही तेच लेंटिनान, बरं का. आणि साध्या पांढऱ्या बटन मशरूमची एक युक्ती आहे. चकत्या करून दुपारच्या उन्हात 15-20 मिनिटं ठेवल्या तर त्यातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याचं डी2 जीवनसत्त्व बनतं, 100 ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे 400 युनिट. मी गच्चीवर थाळा ठेवते. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, कुत्र्याच्या छत्र्या वाळत घातल्यात म्हणतात, पण कावळे येऊ नयेत म्हणून खुर्ची टाकून राखण त्याच करतात, आणि त्यांचंही डी थोडं वाढत असेल तेवढ्यात.