व्हॉट वी डू इन द शॅडोज

न्यूझीलंडमधील विनोदी भयपट (२०१४). लेखन-दिग्दर्शन जेमेन क्लेमंट व तायका वायटीटी यांचे असून प्रमुख भूमिकांतही तेच आहेत. वेलिंग्टनमध्ये एका घरात राहणारे चार रक्तपिशाच आणि त्यांचे चित्रीकरण करणारा, गळ्यात क्रूस घातलेला माहितीपटाचा चमू, अशी ही मांडणी. मूळ याच जोडीच्या लघुपटात आहे. त्याचे साल बहुधा २००५ दिले जाते, काही सूचींत २००६ आढळते. चित्रपट जानेवारी २०१४ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेला.

व्हियागो (वय ३७९), व्लादिस्लाव (८६२), डीकन (१८३) आणि तळघरातला पीटर (८,०००) यांचे मुख्य भांडण खरकट्या भांड्यांवरून होते. डीकनची पाळी पाच वर्षे तुंबलेली आहे. सावजाचा गळा फोडण्यापूर्वी व्हियागो सोफ्यावर वर्तमानपत्रे अंथरतो, तरी रक्ताचे कारंजे उडतेच.

पिशाचांवरची बंधने एकाच काळातली नाहीत. लसणीचा धाक पूर्व युरोपीय लोकसमजुतींतून आला. आरशात प्रतिबिंब न पडणे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीमुळे (१८९७) रूढ झाले. त्याचा उगम आरसे झाकण्याच्या जुन्या प्रथेत शोधला जातो. परंतु ती प्रथा कोणाच्याही मृत्यूनंतर पाळली जाई, तेव्हा श्रेय स्टोकरकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. उन्हाने मरण येणे त्याहून अलीकडचे. स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती क्षीण होतात. उन्हाने नाश होण्याची कल्पना सामान्यतः मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटापासूनची मानतात. पीटरचे टक्कल व पुढचे सुळ्यांसारखे दात त्यातील ऑर्लोक या पिशाचावर बेतलेले आहेत. चित्रपटात उन्हाने जळून मरतो तोही पीटरच, हा निव्वळ योगायोग नसावा.

दिग्दर्शकद्वयाने ही बंधने शब्दशः पाळली, विनोद त्यातूनच निघतो. आमंत्रणाविना उंबरठा ओलांडता येत नाही, म्हणून नाइटक्लबच्या दारवानाकडून ‘आत या’ वदवून घ्यावे लागते. आरसा निरुपयोगी, तेव्हा कपडे कसे दिसतात हे एकमेकांची चित्रे काढून सांगायचे. पटकथा लिहिलेली होती, पण नटांना ती दाखवली नाही. बरेचसे संवाद उत्स्फूर्त आहेत.

चित्रपटातील दोन पोलिसांवर ‘वेलिंग्टन पॅरानॉर्मल’ ही मालिका निघाली (२०१८–२२). मूळ नावाची अमेरिकन मालिका (२०१९–२४) न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर घडते. पात्रे वेगळी आहेत.