टेम्पो पेस की मॅरेथॉन पेस? पन्नाशीनंतर ही गल्लत महागात पडते

पेस म्हणजे एक किलोमीटरला लागणारी मिनिटं. रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्यांपैकी बरेच जण ‘टेम्पो पेस’ आणि ‘मॅरेथॉन पेस’ हे दोन्ही शब्द ‘जरा दामटून पळणं’ याच अर्थानं वापरतात. प्रत्यक्षात दोन्हींत किलोमीटरमागे साधारण अर्ध्या ते एका मिनिटाचा फरक आहे.

टेम्पो म्हणजे जोर लावून तासभर टिकवता येईल तो वेग. त्यात तीन-चार शब्दांपलीकडे बोलणं होत नाही. मॅरेथॉन पेस म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर टिकवायचा वेग. त्यात ‘आज तळ्यावर धुकं लई पडलंय की’ एवढं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. नाडीवर फार विसंबू नका. जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे गणित ढोबळ आहे, दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल, तर आकडा मुळातच कमी दिसतो.

आकडे काढायचे तर सपाट रस्त्यावर १० किलोमीटर पूर्ण ताकदीनं पळा. समजा ५८ मिनिटं लागली. टेम्पो ५:५० ते ६:०० मिनिटं प्रति किलोमीटर. मॅरेथॉनसाठी ५८ला ४.६५नं गुणा: साधारण साडेचार तास, म्हणजे ६:२४चा पेस. आठवड्याला ४० किलोमीटरसुद्धा होत नसतील, तर सरळ ५नं गुणा. ४ तास ५० मिनिटं, पेस ६:५२. हा आकडा कुणालाच आवडत नाही, पण बहुतेकांसाठी खरा तोच.

गल्लत झाली की काय होतं? ६:२४वाला गडी ताज्या पायांच्या भरात ६:००नं सुटतो. ३० किलोमीटरला तो १२ मिनिटं पुढे असतो, खुशीत असतो. पण या वेगात स्नायूंतली साठवलेली साखर झपाट्यानं जळते. ती संपली की पेस ८:००वर येतो. उरलेल्या १२ किलोमीटरमध्ये ठरल्यापेक्षा साधारण साडेएकोणीस मिनिटं जास्त जातात. कमावलेली १२ गेलीच, वर साडेसात अंगावर.

सरावातही दोन्ही वेगळे ठेवा. टेम्पोच्या दिवशी: २ किलोमीटर वॉर्मअप, १० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये २ मिनिटं हळू जॉगिंग, शेवटी २ किलोमीटर सावकाश. पन्नाशीनंतर थकलेले पाय पुन्हा ताजे व्हायला वेळ लागतो, म्हणून दर आठवड्याऐवजी दहा दिवसांनी एकदा पुरे. मॅरेथॉन पेस रविवारच्या लाँग रनमध्ये: २४ किलोमीटरपैकी शेवटचे ८, पुढे वाढवत १२. दर ४० मिनिटांनी गुळाचा ३० ग्रॅमचा खडा पाण्याबरोबर घ्यायची सवयही तेव्हाच लावा. चिक्की नको, शेंगदाण्यातलं तेल पोटात रेंगाळतं.

झाडांखाली घड्याळाचा चालू पेस उड्या मारतो, त्यामुळे दर किलोमीटरचा लॅप पेस बघा. पन्हाळ्याच्या चढावर मात्र दोन्ही आकडे विसरा. तिथं पेस धरायला गेलात की मॅरेथॉन पेसचा टेम्पो कधी झाला, ते वर पोचल्यावरच कळतं.