टेनिसनचा जुना समग्र खंड विकत घेण्याआधी

जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी आल्फ्रेड टेनिसन याच्या समग्र कवितांचा खंड हाती लागला, तर आधी प्रकाशक आणि छपाईचे साल बघावे. आत काय आहे आणि काय गाळले आहे, ते बरेचसे त्यावरून कळते.

टेनिसनची सुरुवात वाईट झाली. १८३२ अखेर आलेल्या संग्रहाची समीक्षक जॉन विल्सन क्रोकरने ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात सालटी काढली. १८३३ मध्ये जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक वारला. टेनिसनचा पुढचा संग्रह यायला १८४२ उजाडले. मधल्या काळात त्याने जुन्या कविता पुन्हा पुन्हा घासल्या; ‘द लेडी ऑफ शॅलॉट’चा तर शेवटच बदलला. समग्र खंडांत सहसा हे सुधारलेले रूपच छापलेले असते, आणि ते सरस आहे यात मला शंका नाही. तरी कवी घडताना पाहायचा असेल, तर दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत. त्यासाठी क्रिस्टोफर रिक्सची १९६९ ची सटीप आवृत्ती लागते.

१८५० मध्ये हॅलमच्या स्मृतीतले ‘इन मेमोरियम’ हे काव्य आले आणि त्याच वर्षी टेनिसन ब्रिटनचा राजकवी झाला. १८८४ पासून त्याची पुस्तके लंडनच्या मॅकमिलन या प्रकाशन कंपनीकडे गेली. ऑक्टोबर १८९२ मध्ये तो वारल्यावर, १८९४ मध्ये, मॅकमिलनने सगळ्या कविता एका खंडात आणल्या.

खरी गुंतागुंत कायद्याची आहे. १८४२ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क प्रकाशनापासून ४२ वर्षे किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर ७ वर्षे, यांपैकी जी मुदत लांब असेल तितका टिके. म्हणजे १८४२ आणि १८५० च्या कविता १८९९ मध्ये मोकळ्या झाल्या, पण १८६४ ची ‘ईनॉक आर्डन’ १९०६ पर्यंत अडकून राहिली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या इतर प्रकाशकांनी काढलेल्या स्वस्त प्रतींत उत्तरायुष्यातली कविता मिळत नाही. १९११ च्या कायद्याने मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांवर नेली, तेव्हा उरलेल्या कविता आणखी लांबल्या. ‘माझ्या कवितांच्या प्रत्येक आवृत्तीच्या शेवटी ही ठेव,’ असे टेनिसनने मुलाला (त्याचेही नाव हॅलम) बजावलेली ‘क्रॉसिंग द बार’ १८८९ ची. म्हणून अशा प्रतींत नेमकी तीच नसते. मला हे फार लागते.

आपल्याकडे टेनिसन पोचला तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांतून. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या रो आणि वेब या प्राध्यापकांनी निवडक कवितांना टिपा लिहिल्या, त्या मॅकमिलनने छापल्या. १९०१ मध्ये या कंपनीची मुंबईत शाखाही निघाली.

निवड करायची वेळ आलीच, तर मी मॅकमिलनचा १८९४ किंवा त्यानंतरचा एकखंडी ग्रंथ घेईन. हॅलम टेनिसनने संपादित केलेली १९०७-०८ ची नऊ खंडांची ‘एव्हर्सली’ आवृत्ती पूर्ण मिळाली, तर मात्र तीच. तिच्यात खुद्द कवीच्या टिपा आहेत.