स्पॅम पाठवाल तर कनेक्शन तोडू: हे कलम आलं कुठून?

इंटरनेट कनेक्शन घेताना आपण न वाचताच ज्या अटींना मान देतो, त्यांत एक कलम हमखास असतं: नको असलेली ईमेल, म्हणजे स्पॅम, घाऊक पाठवलीत तर पूर्वसूचना न देता सेवा बंद केली जाईल. काही कंपन्या वर निस्तरण्याचा खर्चही वसूल करू म्हणतात. हे कलम सरकारी कायद्यातून आलेलं नाही. ते अमेरिकेतल्या कंपन्यांनीच लिहिलं, आणि तेही बहुतेकदा अंगाशी आल्यावर.

आधी त्याची गरजच नव्हती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी कंपनीच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक बघायला या, असं आमंत्रण आर्पानेटवरच्या जवळपास ४०० जणांना एकदम धाडलं. आर्पानेट म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप; ते अमेरिकी संरक्षण खात्याचं, फक्त सरकारी कामासाठी. खात्याने खडसावलं, विषय संपला. जाळ्याचा मालक एकच होता, त्यामुळे कोणी कोणाला रोखायचं हा प्रश्न पडला नाही.

नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि मालक अनेक झाले. १२ एप्रिल १९९४ ला ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना) लॉटरीची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरच्या चर्चाजाळ्याच्या हजारो गटांत टाकली. लॉटरीचा अर्ज भरायला खरं तर वकील लागतच नव्हता. यूजनेटवर एकच मजकूर अनेक गटांना जोडून टाकण्याची सोय होती. तसं केलं की वाचणाऱ्याला तो एकदाच दिसे. यांच्या प्रोग्रॅमने मात्र प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली. म्हणजे तुम्ही दहा गट वाचत असाल, तर जाहिरात दहादा. लोक खवळले. त्यांच्या संतापाच्या ईमेलने इंटरनेट डायरेक्ट या पुरवठादार कंपनीचा सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद पडू लागला, आणि कंपनीने दांपत्याचं खातं बंद केलं. त्यांनी उलट कंपनीलाच कोर्टात खेचण्याची भाषा केली. जाहिरातीतून लाखभर डॉलर मिळाले, असाही त्यांचा दावा होता. (कँटर यांची टेनेसीतली वकिलीची सनद १९९७ मध्ये गेली, त्यामागच्या कारणांत ही जाहिरातही होती.)

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पाठवणारा निगरगट्ट असतो. भुर्दंड पडतो तो त्याच्या पुरवठादारावर. १९९७ मध्ये हे लख्ख दिसलं. ऑगस्टमध्ये यूजनेटच्या स्वयंसेवकांनी स्पॅम आवरत नसलेल्या यूयूनेट या बड्या पुरवठादार कंपनीवर बहिष्कार घातला आणि तिच्याकडून यूजनेटवर येणारे संदेश सरसकट पुसायला सुरुवात केली, सज्जन ग्राहकांचेसुद्धा. कंपनीने आधी खटल्याची धमकी दिली, पण काही दिवसांत स्पॅम आवरला आणि बहिष्कार उठला. त्याच सुमारास संगणकतज्ज्ञ पॉल विक्सी यांनी स्पॅमला थारा देणाऱ्या इंटरनेट पत्त्यांची काळी यादी सुरू केली. यादीत नाव गेलं, की ती यादी वापरणारे सर्व्हर तिथली ईमेल घेईनासे होत.

स्पॅमचा बेताज बादशहा सॅनफर्ड वॉलेस तेव्हा एजिस या इंटरनेट पुरवठादार कंपनीचा ग्राहक होता. सप्टेंबर १९९७ मध्ये, जाळ्यावर हल्ले होताहेत असं कारण देऊन, एजिसने त्याचं कनेक्शन तोडलं. वॉलेस फिलाडेल्फियाच्या कोर्टात गेला आणि चक्क जिंकला. करारात ३० दिवसांच्या सूचनेची अट होती. ती एजिसने पाळली नव्हती. तिला त्याचं कनेक्शन परत जोडून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू ठेवावं लागलं. ‘पूर्वसूचना न देता’ हे तीन शब्द कराराला का लागतात, ते या निकालाने सगळ्यांना कळलं.

कलम छापलं म्हणजे ते पाळलं जातंच असं नाही. २००० मध्ये एटीअँडटी या अमेरिकी दूरसंचार कंपनीला कबूल करावं लागलं, की एका स्पॅमवाल्या ग्राहकाशी आपला आतून वेगळा करार होता. अशा करारांना ‘पिंक कॉन्ट्रॅक्ट’ नाव पडलं. दर्शनी नियम एक, मोठ्या गिऱ्हाइकाला दुसरा.

पुढे स्पॅम व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून जाऊ लागला. ज्याचं कनेक्शन तोडायचं, त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नाही! मग कंपन्यांनी घरगुती कनेक्शनवर ईमेल पाठवण्याची वाट, म्हणजे २५ नंबरचं पोर्टच बंद करायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००८ मध्ये तर मॅककोलो या कॅलिफोर्नियातल्या होस्टिंग (इतरांचे सर्व्हर ठेवणाऱ्या) कंपनीलाच तिच्या पुरवठादारांनी तोडलं. व्हायरस लागलेले असे हजारो संगणक तिथून चालवले जात होते. जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांत पुन्हा वर गेला.

भारतात हा ताप ईमेलपेक्षा फोनवर जास्त, आणि इथे कलम कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार, नोंदणी न करता जाहिरातीचे कॉल करणाऱ्याची सगळी कनेक्शन्स तोडायची, त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं आणि २४ तासांत बाकीच्या कंपन्यांना कळवायचं, असं ठरलं होतं. त्यांनीही पुढच्या २४ तासांत त्याची कनेक्शन्स तोडायची होती.