शब्दसंग्रह आमच्याकडे देण्याआधी

लोकांनी गोळा केलेल्या शब्दांचे छापील कोश आम्ही तयार करतो. “शब्द अकारविल्हे लावूनच आणलेत, आता नुसतं छापायचं.” असं कोणी म्हणालं की फाइल उघडताना आमच्या पोटात गोळा येतो.

एक्सेलमध्ये फक्त शब्दांचा रकाना निवडून क्रम लावला, की शब्द हलतात आणि अर्थ जागेवरच राहतात. शेजारचे रकानेही घ्यायचे का, असं एक्सेल विचारतं. घाईत आपण नको म्हणतो. मधला रकाना रिकामा असेल तर ते विचारतही नाही. एका मालवणी संग्रहात यामुळे ‘घोव’समोर मुलगी आणि ‘चेडू’समोर नवरा येऊन बसला होता. तेवढं आमच्या लक्षात आलं. बाकी कोणता अर्थ कोणत्या शब्दाचा, हे एकट्या संग्राहकांना ठाऊक, आणि त्यांनी कच्च्या वह्या रद्दीत घातलेल्या! एकेक शब्द फोनवर विचारत बसलो.

म्हणून विनंती, क्रम लावू नका. जसे ऐकले, टिपले, तसेच द्या. क्रम यंत्र क्षणात लावतं, पण कोणता लावायचा हे त्याला सांगावं लागतं. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या, अनुक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, त्यामुळे ‘काळजी’ येते ‘कावळा’च्या आधी. मुळाक्षरं पाठ असलेला वाचक ती ‘काहूर’च्या पुढे शोधणार. ‘क्षमा’ही तशीच ‘क’च्या पोटात शिरते. ही तजवीज आम्ही करतो, तिचे वेगळे पैसे नाहीत.

‘पाण्याला’, ‘पाण्यातून’ अशी रूपं किंवा पुन्हा पुन्हा आलेले शब्द गाळून यादी ‘स्वच्छ’ करू नका. ती सगळी ‘पाणी’खाली आणणं आमचं काम. शब्द किती वेळा आणि कोणत्या वाक्यात आला, हे मात्र एकदा गाळलं की गेलं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच, यंत्राला शब्द दोन. तेही आम्ही एकसारखं करून घेतो.

आमचा दर नोंदीवर आहे, पानावर नाही. काहींना तो जास्त वाटतो. पण टाइप मोठा करून पानं वाढवता येतात, नोंदी नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. तुम्हाला एवढं थांबावं लागणार नाही. फाइल आमच्याकडे जपलेली असते, नव्या नोंदी आल्या की जागच्या जागी बसवून देतो.

पहिल्या पन्नास नोंदी विनामूल्य लावून दाखवू. वह्या मात्र छापील प्रत हातात पडेपर्यंत रद्दीत घालू नका.