क्षमेचा मेंदूतला माग

माफ करताना मेंदूत काय घडतं, हा प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी क्षमा मोजायची कशी, इथूनच सुरुवात होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. १९९८मध्ये मायकेल मॅकलॉ आणि सहकाऱ्यांनी १२ विधानांची प्रश्नावली आणली: ७ विधानं दुखावणाऱ्याला टाळण्याबद्दल, ५ सूड घेण्याबद्दल. गुण उतरले की क्षमा वाढली, असं गणित. पण मनात डूख उरला नाही म्हणून जिव्हाळा परत येतोच असं नाही. त्यामुळे पुढे सद्भावनेची ६ विधानं जोडली गेली.

२००१मध्ये शेफिल्डच्या टॉम फॅरो यांच्या गटाने १० निरोगी व्यक्तींना एफएमआरआय यंत्रात (रक्तप्रवाहावरून मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे ते दाखवणारं यंत्र) झोपवून कोणता गुन्हा जास्त क्षम्य वाटतो, हे विचारलं. कपाळामागचे काही भाग आणि मेंदूच्या आतल्या बाजूला मधोमध असलेल्या सिंग्युलेट पट्ट्याचा मागचा भाग सक्रिय दिसले. सुरुवात म्हणून हे मोलाचं होतं, पण इथे परक्याच्या गुन्ह्याचा निवाडा होता. स्वतःची जखम कुठेच नव्हती.

क्षमेची उलटी बाजू मात्र पैशांच्या खेळांनी चांगली उजेडात आणली. २००३च्या प्रयोगात समोरचा काही वेळा १० डॉलरपैकी फक्त १ किंवा २ डॉलर देऊ करी. नाकारले तर दोघांच्याही हाती काही नाही, तरी अनेकांनी नाकारले. ज्यांचा इन्सुला (किळस, वेदना अशा नकोशा भावनांशी जोडलेला मेंदूचा भाग) अशा वेळी जास्त सक्रिय झाला, त्यांनी जास्त वेळा नाकारले. २००४मध्ये झुरिकच्या गटाला दिसलं, की विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा देताना मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला स्ट्रायटम कामाला लागतो, आणि तो ज्यांच्यात जास्त सक्रिय असतो ते शिक्षेसाठी पदरचे पैसेही जास्त मोजतात. माफ करणं काहींना इतकं जड का जातं, याचा हा मला सर्वांत ठोस धागा वाटतो.

दुसरा धागा हेतूचा. लियान यंग आणि रिबेका सॅक्स यांच्या संशोधनातला एक प्रसंग असा: एकजणी साखर समजून मैत्रिणीच्या कॉफीत पूड घालते, ती विषारी निघते आणि मैत्रीण दगावते. दोष किती द्यायचा? २००९च्या निष्कर्षानुसार, अशा नकळत घडलेल्या अपायाला जे जास्त माफ करतात, त्यांच्यात उजव्या कानाच्या वर-मागे असलेला, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारा भाग जास्त सक्रिय असतो.

यावरून ‘क्षमेचं केंद्र सापडलं’ म्हणणं मात्र चूक. हेच भाग आठवणी, लक्ष, नफातोटा अशा कितीतरी कामांत उजळतात. सुरुवातीचे नमुने लहान होते, आणि एका वेळच्या प्रतिमेवरून कारण कोणतं, परिणाम कोणता, हे ठरत नाही. शिवाय सगळं स्वभावावरही ढकलता येत नाही. २०१०मध्ये १७५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हेतू, माफी मागणं आणि त्या क्षणी वाटलेली सहानुभूती यांचा वाटा मोठा निघाला. वय आणि लिंग यांचा नगण्य.

२०२०मध्ये मेलिके फूरी आणि सहकाऱ्यांनी या साऱ्याची तीन घटकांत मांडणी केली: रागाला आवर घालणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं आणि त्या नात्याची किंमत जोखणं. त्यामुळे एकाची क्षमा पहिल्या पायरीवर अडते, दुसऱ्याची तिसऱ्या. रागावर ताबा असूनही ज्याला ते नातंच नकोसं झालंय, त्याला राग आवरण्याचे धडे देऊन फारसं हाती लागत नाही.